'युफनी' कुठून आली? एका इंग्रजी शब्दाचं ग्रीक मूळ स्वतः शोधण्याची रीत

व्हॉट्सअ‍ॅपवर व्युत्पत्त्यांचा सुळसुळाट झालाय. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याच्यासारखा वाजणारा संस्कृत शब्द शेजारी मांडायचा, मध्ये बाण काढायचा आणि 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' म्हणायचं. वाचायला मजा येते, पण त्यातलं बरंचसं दुसऱ्या प्रश्नालाच कोसळतं. शब्दाचं मूळ शोधायची सरळ, तपासता येणारी रीत आहे आणि तिला ना पदवी लागते ना ग्रंथालयाचं सभासदत्व. मोबाइल, वही आणि थोडा चिकटपणा पुरतो. ही रीत एकाच शब्दावर अथपासून इतिपर्यंत चालवून दाखवतो.

शब्द आहे 'युफनी'. स्पेलिंग ई-यू-पी-एच-ओ-एन-वाय. अर्थ: कानाला गोड लागणं, विशेषतः शब्दांचं आणि वाक्यांचं. आपल्याकडे श्रुतिमाधुर्य किंवा नादमाधुर्य म्हणतात ते. गंमत अशी, की गोड ध्वनीच्या या शब्दाचं मूळ शोधताना कानावर मात्र अजिबात विसंबायचं नाही. असं का, ते पुढे दिसेलच.

पायरी पहिली: उच्चार सोडा, स्पेलिंग बघा

इंग्रजी स्पेलिंगला आपण शाळेत शिव्या घातल्या, पण व्युत्पत्तीच्या कामात तेच स्पेलिंग देवासारखं धावून येतं. शब्द ग्रीकातून आलाय का, हे सांगणाऱ्या काही ठळक खुणा अशा: पी आणि एच मिळून फ, सी-एच असूनही उच्चार क, जसं कोरस किंवा केमिस्ट्री, आर-एच, जसं ऱ्हिदम, शब्दाच्या पोटात आलेला वाय, जसं सिस्टम, मिथ, सिंफनी, आणि सुरुवातीचा मुका पी, जसं सायकॉलॉजी. एकच खूण दिसली तर संशय घ्यावा. दोन दिसल्या तर जवळपास खात्री.

यातला पी-एच जरा थांबून बघण्यासारखा आहे. रोमन लोकांकडे एफ हे अक्षर होतंच. तरी ग्रीक 'फाय' हे अक्षर लॅटिनात लिहिताना त्यांनी एफ वापरलं नाही, पी-एच लिहिलं. कारण त्या काळी ग्रीकांचा उच्चार खालचा ओठ दातांना लावून केलेला नव्हता. तो दोन्ही ओठ मिटून सोडलेला महाप्राण फ होता, आपल्या 'फळ' आणि 'फणस'मधला. पुढे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीकांचा उच्चार बदलून आजच्या एफसारखा झाला, पण स्पेलिंग तिथेच राहिलं. इटालियन आणि स्पॅनिश लोकांनी नंतर सरळ एफ लिहायला सुरुवात केली. इंग्रजी आणि फ्रेंच मात्र जुनं धरून बसले, आणि त्यांच्या त्या हट्टामुळेच आपलं काम सोपं झालं.

पायरी दुसरी: शब्द तोडा, आणि तुकडे दुसरीकडे लावून बघा

'युफनी'चे तीन तुकडे पडतात: यू, फोन आणि शेवटचा ई. शेवटचा ई म्हणजे स्पेलिंगमधला वाय. ग्रीकात भाववाचक नाम करायला 'इया' लागतो. तो लॅटिनात तसाच राहिला, फ्रेंचात आय-ई झाला आणि इंग्रजीत वाय. आपल्या 'ता' किंवा 'पणा'च्या जातीचा प्रत्यय.

आता तोडलेले तुकडे खरे आहेत का, ते पाहायचं. त्यासाठी पुढचा तुकडा बदला: कॅकॉफनी (काकोस म्हणजे वाईट, म्हणून गोंगाट), सिंफनी (सिन म्हणजे सोबत), पॉलिफनी (पोलिस म्हणजे पुष्कळ). मग मागचा बदला: युलॉजी म्हणजे चांगलं बोलणं, म्हणून स्तुतिपर भाषण, युथनेशिया म्हणजे सुखाचा मृत्यू, कारण थानातोस म्हणजे मरण, युफोरिया म्हणजे छान वाटत राहणं. फोन सगळीकडे आवाजच, यू सगळीकडे 'चांगलं'च. तुकडा निदान तीन-चार शब्दांत त्याच अर्थाने भेटला पाहिजे. नाही भेटला, तर तुमची फोड चुकीची.

ही तपासणी टाळली की खड्ड्यात पडलात म्हणून समजा. ई-यू दिसलं की 'चांगलं' असा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. 'युरेका'त तो 'यू' नाही. ते 'सापडलं' अशा अर्थाचं क्रियापद आहे. 'युनक'मध्येही नाही, तिथे 'एउने' म्हणजे शय्या, आणि पूर्ण अर्थ शय्यागृह सांभाळणारा. उलट 'इव्हँजेलिस्ट'मध्ये यू दिसतच नाही, पण आहे. पुढे स्वर आल्यामुळे लॅटिनात त्याचा व्ह झाला, आणि मूळ अर्थ शुभवर्तमान आणणारा. सगळ्यात हसवणारी फसगत 'फोनी'ची, म्हणजे खोटा, बनावट. पी-एच आहे, ओ-एन आहे, पण ग्रीकशी काडीचा संबंध नाही. तो 'फॉनी' या चोरट्या बोलीतल्या शब्दावरून आलाय असं बहुतेक कोश मानतात. फॉनी म्हणजे मुलामा दिलेली अंगठी, सोन्याची म्हणून गळ्यात मारायची; मूळ आयरिश 'फॉन्ये', म्हणजे अंगठी. व्युत्पत्तीच्या बाबतीतसुद्धा हा शब्द खोटं सोनं निघावा, हे त्याला शोभतं.

पायरी तिसरी: कोशातली व्युत्पत्तीची ओळ नीट वाचा

फुकट आणि भरवशाचे दोन कोश पुरे: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर. ऑक्सफर्डचा मोठा कोश सगळ्यांत सखोल, पण पैसे मोजावे लागतात. काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून मिळतो.

युफनीची ओळ साधारण अशी असते: फ्रेंच 'युफोनी'वरून, ते उत्तरकालीन लॅटिन 'एउफोनिया'वरून, ते ग्रीक 'एउफोनिया'वरून, ते 'एउफोनोस' म्हणजे गोड आवाजाचा या विशेषणावरून, आणि ते 'एउ' अधिक 'फोने' यांवरून. डावीकडून उजवीकडे जाताना आपण काळात मागे जात असतो, हे लक्षात ठेवायचं. वाटेतली गावं वगळायची नाहीत. 'युफनी ग्रीकातून इंग्रजीत आली' हे अर्धंच खरं. ती ग्रीसहून रोमला गेली, तिथून फ्रान्सला आणि मग खाडी ओलांडून इंग्लंडला.

कोशातलं साल म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे. तो शब्द लिहिलेला सापडला, त्यातला सर्वांत जुना पुरावा तेवढा. म्हणूनच दोन कोशांत सालं वेगळी दिसतात. त्यावरून भांडू नये. आणि शब्दाच्या आधी तारांकन दिसलं, तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी तर्काने उभा केलाय, असं समजायचं.

इथेच आणखी एक गोष्ट तपासायची: शब्द ग्रीकांनी खरंच वापरला होता, की नंतर कुणी ग्रीक तुकडे जोडून तो घडवला? युफनी पहिल्या प्रकारातली. 'फोनोग्राफ' (एडिसन, 1877), 'ग्रामोफोन' (बर्लिनर, 1887) आणि अडॉल्फ साक्सने 1846 मध्ये पेटंट घेतलेला 'सॅक्सोफोन' दुसऱ्या प्रकारातले. सॉक्रेटिससमोर 'टेलिफोन' म्हटलं असतं तर 'दूर' आणि 'आवाज' त्याला कळले असते, पण शब्द पहिल्यांदाच कानावर पडला असता. आजचे ग्रीक लोक टेलिफोनला 'तिलेफोनो' म्हणतात. त्यांच्याच मालाचा हा तयार शब्द बाहेरून परत आलेला आहे.

पायरी चौथी: ग्रीक अक्षरांना घाबरू नका

बहुतेक लोक इथे थांबतात. का, ते मला कधी कळलं नाही. ग्रीक अक्षरं फक्त 24 आहेत. त्यातली निम्मी गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या तासाला ओळखीची झालेली असतात. एका रविवारी येतात.

कोश लिडेल आणि स्कॉट यांचा. पहिली आवृत्ती 1843 ची, पुढे जोन्स यांनी सुधारलेली नववी 1940 मध्ये पुरी झाली. ती टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सिअस' आणि शिकागो विद्यापीठाच्या 'लोगिऑन' या संकेतस्थळांवर फुकट आहे. आपला शब्द असा शोधायचा: एप्सिलॉन, उप्सिलॉन, फाय, ओमेगा, न्यू, आयोटा, आल्फा. 'फो'मधला ओ दीर्घ आहे, म्हणून ओमेगा. ऱ्हस्व असता तर ओमिक्रॉन आला असता. प्राचीन उच्चार 'एउफोनिया'च्या जवळचा, आजच्या ग्रीसमध्ये 'एफोनीया'.

आता जरा डोळे बारीक करून पहिल्या दोन अक्षरांकडे बघा. उप्सिलॉनच्या डोक्यावर स्वल्पविरामाएवढी एक खूण दिसेल. ग्रीकात स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दावर अशी खूण असते आणि तिचे प्रकार दोनच. स्वल्पविरामासारखी वळली असेल तर स्वराआधी काही नाही. उलटी वळली असेल तर स्वराआधी 'ह' आहे. जोडस्वर असेल, तर ती दुसऱ्या अक्षरावर बसते. युफनीवर सुलटी खूण आहे. आता 'युरेका'चा ग्रीक शब्द उघडा: तीच दोन अक्षरं, पण खूण उलटी. म्हणजे तो 'हेउरेका' आहे. इंग्रजीत येताना ह गळाला. मघाशी मी दोन्ही वेगळे आहेत असं नुसतं सांगितलं होतं, आता पुरावा तुमच्या समोर आहे. तोही माशीच्या पायाएवढा.

पायरी पाचवी: शब्द वापरात कसा होता ते बघा

घटक कळले म्हणजे अर्थ कळला, असं नाही. लिडेल-स्कॉटमध्ये अर्थापुढे लेखकांच्या नावांची लघुरूपं असतात. पर्सिअसवर त्यांतल्या बऱ्याच दुव्यांवर टिचकी मारली, की मूळ उतारा इंग्रजी भाषांतरासह उघडतो. माझ्या मते हा सगळ्यांत रसाळ भाग आहे, आणि लोक नेमका हाच टाळतात.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला झेनोफोन घ्या. त्याने सॉक्रेटिसच्या आठवणी लिहून ठेवल्यात. त्यात सॉक्रेटिस घोडदळाच्या एका नव्या सेनापतीशी बोलतो आहे. डेलॉस बेटावरच्या उत्सवाला अथेन्स जे गायकवृंद पाठवतं, त्याला दुसऱ्या कुठल्या नगराची तोड नाही, असं तो म्हणतो. आणि पुढे सांगतो की अथेन्सचे लोक इतरांपेक्षा सरस ठरतात ते एउफोनियामुळे किंवा धिप्पाड देहामुळे तितकंसं नव्हे, तर कीर्तीच्या ईर्ष्येमुळे. इथे एउफोनिया म्हणजे सरळसरळ गळा. गोड, कमावलेला गळा. शब्दांच्या नादाचा मागमूस नाही.

तीनेकशे वर्षांनी चित्र पालटतं. हॅलिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोडरुम, तिथला डायोनिसिअस रोममध्ये वक्तृत्व शिकवत होता. शब्दांच्या मांडणीवरच्या ग्रंथात त्याने चक्क अक्षरांना गुण दिले. स्वरांत दीर्घ आ सर्वोत्तम, कारण तोंड पुरतं उघडतं. इ सगळ्यांत मागे. ल कानाला सर्वांत गोड. र खरखरीत, पण उमदा. आणि स वर त्याचा भलताच राग: नुसता फुत्कार, माणसापेक्षा जनावराला शोभणारा. जुन्या काळी काही कवींनी स अजिबात न वापरता अख्खी गीतं रचली होती, हेही तो नोंदवतो. मराठीत असा हट्ट केला तर 'सासूबाई' आधी जातील, हे आपलं जाता जाता.

पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलिअन म्हणतो, अर्थ आणि वजन सारखं असलेले दोन शब्द समोर असतील, तर कानाला बरा तो निवडा. एउफोनियाला त्याने 'व्होकालितास' असा लॅटिन प्रतिशब्दही दिला. तो चालला नाही, ग्रीक शब्दच टिकला. नंतरच्या लॅटिन वैयाकरणांनी तर त्याचं हत्यार केलं: शब्दाच्या मधलं अक्षर का बदललं? 'एउफोनियासाठी'. असं म्हटलं की विद्यार्थ्याचा प्रश्न संपला.

हीच सवय पुढे थेट आपल्या दारात येते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय आणि अमेरिकन पंडितांनी संस्कृतची व्याकरणं इंग्रजीत लिहिली, तेव्हा संधीसाठी त्यांना हाच शब्द हाताशी सापडला. विल्यम ड्वाइट व्हिटनीच्या 1879 च्या संस्कृत व्याकरणात संधिनियमांच्या प्रकरणाच्या नावातच 'युफॉनिक' आहे. माझं मत विचाराल तर ही निवड फसवी होती. संधी उच्चाराच्या सोयीने होतो; तो गोडच लागतो, असं कोण म्हणतं?

पायरी सहावी: चुलत भावंडं शोधा, पण नियमाने

आता ज्याची सगळे वाट बघत असतात तो भाग, संस्कृत आणि मराठीशी नातं. आधी एक पथ्य. ग्रीक संस्कृतातून निघाली नाही, संस्कृतही ग्रीकातून नाही. दोन्ही एका जुन्या भाषेच्या लेकी आहेत आणि त्या आईचं लिहिलेलं काहीच उरलेलं नाही. म्हणून वर सांगितलेली तारांकनं.

दुसरं पथ्य: आवाजाच्या सारखेपणावर नातं ठरवायचं नाही, ठरावीक अदलाबदलीवर ठरवायचं. कान सांगतो, 'फोने' आणि 'ध्वनी' एकच असावेत. दोन्हींत शेवटी न आहे, अर्थही तोच. पण ग्रीक फ पुढे संस्कृतात ध येत नाही, भ येतो. भ्रातृ आणि ग्रीक फ्रातेर, भरति आणि ग्रीक फेरेइ, अशा जोड्या मांडा म्हणजे पटेल. लॅटिनात त्याच जागी एफ (फ्रातेर), इंग्रजीत बी (ब्रदर). ध्वनीचं इंग्रजीतलं नातं लावतात ते 'डिन' म्हणजे गोंगाट या शब्दाशी. फोनेचं नातं संस्कृतात भ ने सुरू होणाऱ्या, बोलण्याच्या अर्थाच्या धातूशी शोधायचं. तसा धातू वेदात आहे: भन्. भण् हे त्याचंच पुढचं रूप मानतात. भणति, प्राकृतात भणइ, आणि मराठीत येताना ण च्या अनुनासिकाने भ चा म्ह झाला: म्हणणे. कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्ति कोश जवळ असेल, तर हे शेवटचं पाऊल त्यात ताडून बघा. याच कुळात लॅटिनमार्गे इंग्रजीतले 'फेम' आणि 'फेबल' येतात, 'इन्फंट' म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही तो येतो, आणि जर्मानिक बाजूने 'बॅन'सुद्धा. बंदी आधी बोलून, दवंडी पिटून जाहीर करायची असते ना!

'फोटो' मात्र इथे घुसवू नका. तोही फो, पण त्याचं मूळ प्रकाशाचं. त्याची भावंडं भाति आणि भानु.

राहिला 'एउ'. हा आपला 'सु'. दिसायला काहीच सारखं नाही, म्हणून तर हे उदाहरण मला आवडतं. मूळ रूप 'एसु'सारखं धरतात. दोन स्वरांच्या मधला स ग्रीकांनी सर्रास गाळला. संस्कृत 'जनसः'च्या समोर ग्रीक 'गेनेओस' ठेवा, तोच स गळालेला दिसेल. तसाच 'एसु'चा 'एउ' झाला. संस्कृतात सुरुवातीचा ए गेलेलं रूप टिकलं आणि सु उरला. सुवास, सुविचार, सुगरण यांतला.

म्हणजे कानाला ध्वनी आणि फोने जुळे वाटले ते परके, आणि सु आणि एउ परके वाटले ते सख्खे. युफनीचे दोन्ही घटक मराठी माणूस रोज तोंडात घोळवतो: एक 'सु' आणि एक 'म्हणणे'.

एउ आणि याच 'बोलणे' कुळातला 'फेमे', म्हणजे वाणी, मिळून 'युफेमिझम' होतो. ग्रीकांच्या यज्ञात सुरुवातीला 'शुभ बोला' अशी आरोळी द्यायचे. अशुभ तोंडून निघू नये म्हणून लोक गप्पच बसायचे, आणि त्या शब्दाला 'मौन पाळा' असाही अर्थ चिकटला. बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणणाऱ्या, दुकान बंद करताना 'वाढवलं' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. सूड घेणाऱ्या भयंकर देवतांना ग्रीक लोक 'एउमेनिदेस' म्हणजे 'कृपाळू' म्हणायचे, तेही असंच.

पायरी सातवी: टिपण ठेवा, मग दुसरा शब्द घ्या

वहीत एका शब्दाला एक पान द्या. वर आजचं रूप, खाली वाटेतल्या भाषा क्रमाने, बाजूला भावंडं. जिथे कोशांचं एकमत नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा आणि ते खोडायची घाई करू नका. कुठल्या कोशात काय पाहिलं, तेही लिहा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

सरावाला 'अँथम' घ्या, राष्ट्रगीताला लावतात तो. यात पी-एच नाही, फोन ऐकू येत नाही, पहिल्या पायरीवरच अडखळाल. अशा वेळी थेट तिसरीवर उडी मारायची. कोश सांगेल की जुन्या इंग्रजीत तो 'अँटेफ्न' होता, तो लॅटिन 'अँटिफोना'वरून, आणि ते ग्रीक 'अँटी' अधिक 'फोने': समोरासमोर बसून आळीपाळीने म्हणायचं गाणं. चर्चमधल्या गायकांच्या दोन फळ्या तसं गात. स्पेलिंगमधला टी-एच नंतर घुसलेला आहे. मूळ शब्दात थीटा नाही, टाउच आहे. लिडेल-स्कॉट उघडून खात्री करा.